कावळा बसला, बाळ निजलं

दिवेलागणीला मावळातल्या इंदुरीतून जाणाऱ्या तळेगाव–चाकण रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. चाकणच्या कारखान्यांतली माणसं घरी परतत असतात, आणि नेमक्या याच वेळी गावातल्या एखाद्या घरात सहा आठवड्यांचं बाळ रडायला लागतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, अंगात ताप नाही. तरी मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन ते तास-दोन तास टाहो फोडतं. आजी म्हणते, तिन्हीसांजेची दृष्ट लागली. शेजारीण विचारते, "आईनं काय वातूळ खाल्लं का गं आज?" मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या जातात, सहाणेवर मुरडशेंग उगाळली जाते, बेंबीभोवती हिंगाचं पाणी लागतं. कुणी गावच्या किल्ल्यातल्या कडजाईदेवीचा अंगारा आणून कपाळाला लावतं. कपाटात ग्राइप वॉटरची बाटली असतेच. १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं ते काढलं, आणि त्याच्या मूळ कृतीत मद्यार्क होता हे ठाऊक नसलेल्या कित्येक सोवळ्या घरांत ते पिढ्यानपिढ्या चाललं. एवढं सगळं होऊनही बाळ थांबलं नाही, की पुण्यातल्या नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतो: क्रेनिओसेक्रल थेरपी करून बघा, अगदी हलक्या हातानं करतात, आमच्याकडच्या बाळाला दोन बैठकांत फरक पडला.

हा सल्ला आता मावळात कानावर पडला तर नवल नाही. पुण्याच्या कोरेगाव पार्कातल्या ओशो केंद्रात या पद्धतीची सत्रं आणि प्रशिक्षणं बऱ्याच वर्षांपासून होत आली आहेत, आणि मुंबई–पुण्याच्या मधलं लोणावळा तर मनःशांतीच्या शोधात निघालेल्यांचा ठरलेला थांबा.

प्रत्यक्षात करतात ते इतकं थोडं असतं, की बघणाऱ्याला वाटावं अजून सुरुवातच झालेली नाही. बाळ गादीवर किंवा आईच्या मांडीवर. उपचार करणाऱ्याचा एक तळवा बाळाच्या डोक्यामागं, दुसरा कमरेखालच्या त्रिकास्थीखाली. चोळणं नाही, दाबणं नाही, तेलही नाही. दाब किती, तर सुमारे पाच ग्रॅम. दोन रुपयांचं नाणं साधारण तेवढ्याच वजनाचं असतं. खोलीत आवाज नाही, घाई नाही. अर्धा-पाऊण तास कुणीतरी आपलं संपूर्ण लक्ष त्या इवल्याशा देहाकडे लावून बसलेलं. मग सांगितलं जातं की मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याभोवती जो द्रव असतो त्याला स्वतःची अशी एक लय असते, मिनिटाला सहा ते बारा वेळा. जन्माच्या वेळी कवटीची हाडं दबली की ती लय अडखळते. हातानं ती ओळखून मोकळी केली की पोटाचा ताण सुटतो.

सगळ्यात जुन्या तत्त्वज्ञांना छळणारा प्रश्न इथं तान्ह्याच्या पाळण्याशी येऊन उभा राहतो. एकामागोमाग दोन गोष्टी घडल्या. पहिलीमुळं दुसरी घडली, असं म्हणायचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो?

त्याच्याकडे वळण्याआधी या उपचाराची कुळकथा बघायला हवी, कारण तिच्यात दवाखान्यापेक्षा देऊळ अधिक आहे. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल नावाचा एक वैद्य होता, मेथडिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. १८६४ साली मेनिंजायटिसनं त्याची तीन मुलं गेली. डॉक्टर होते, औषधं होती, प्रार्थना होत्या. कशाचा उपयोग झाला नाही. त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला आणि देवानं शरीरातच सगळी औषधं ठेवली आहेत, हाडं नीट बसवली की ती आपोआप काम करतात, या श्रद्धेतून त्यानं १८७४ मध्ये ऑस्टिओपथी हा पंथ काढला. पंथच म्हणायला हवं. मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिलला १८९२ मध्ये त्याचं विद्यालय निघालं. तिथं शिकणाऱ्या विल्यम गार्नर सदरलँडला एकदा सुटी केलेली कवटी पाहताना वाटलं, की कानशिलाच्या हाडाची ही तिरपी धार माशाच्या कल्ल्यांसारखी दिसते. मग हीसुद्धा श्वासासाठीच असणार. पुढची कित्येक वर्षं त्यानं पट्टे आणि बेसबॉलचे हातमोजे वापरून स्वतःचंच डोकं आवळून प्रयोग केले. १९३९ मध्ये त्यानं आपलं पुस्तक काढलं. उत्तरायुष्यात तो त्या लयीला 'प्राणाचा श्वास' म्हणू लागला. बायबलच्या उत्पत्तीच्या कथेत देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत जो फुंकतो, तोच हा श्वास. १९७० च्या दशकात जॉन अपलेजर या ऑस्टिओपथनं त्यातला देव थोडा मागं सारून द्रव आणि आवरणं पुढं आणली, त्याला आजचं नाव दिलं आणि १९८५ मध्ये फ्लोरिडात संस्था काढली.

मराठी माणसाला यातलं काही फारसं परकं वाटू नये. ऐतरेय उपनिषदात शरीर तयार झाल्यावर आत्मा विचार करतो की आत शिरायचं कुठून, आणि माथ्यावरची शीव फाडून आत येतो. त्या दाराला तिथं विदृति म्हटलं आहे. योगातलं ब्रह्मरंध्र तेच; योग्याचा प्राण जायचा तोही तिथूनच. सुश्रुतानं कवटीचे पाच सांधे 'सीमंत' या नावानं मर्मांत मोजले. आणि आजही न्हाऊ-माखू घालणारी बाई तळव्यावर तेल घेऊन टाळू भरते तेव्हा तिचा हात शरीराच्या बाकीच्या भागापेक्षा वेगळा चालतो, जरा दबकत. तान्ह्याचा माथा ही जगभर पवित्र जागा आहे. मऊ आहे, उघडी आहे, तिच्याखाली काहीतरी जिवंत हलताना डोळ्यांना दिसतं. तिथं हात ठेवताना माणूस गप्प होतो, यात नवल काय?

पण डोळ्यांना दिसतं ते नक्की काय, हे विचारायला बंदी नाही. टाळू उडते ती बाळाच्या नाडीबरोबर, मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा. श्वासाबरोबरही वरखाली होते. मेंदूभोवतीचा द्रव हलतो ही गोष्टही खरी, आणि बाळंतपणात कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात हीदेखील खरी. प्रश्न त्या तिसऱ्या, स्वतंत्र, सहा-ते-बारा लयीचा आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत तीन प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टांना त्याच १२ माणसांची लय वेगवेगळी मोजायला सांगितली. तिघांच्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसला नाही; बसला नाही म्हणजे जवळपास शून्य. नाडी मोजायला तीन जण बसवले तर असं होत नाही. प्रत्येकाला लय लागत होती, फक्त ती समोरच्या माणसात होती की मोजणाऱ्याच्या बोटांत, हा मुद्दा उरला.

लय नसेना का, बाळ तर शांत होतं ना? इथं मराठी माणसाच्या तोंडी एक तयार वाक्य आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात काकतालीय न्याय, तिथं फांदीऐवजी ताडाचं फळ पडतं. न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, एवढ्यावर थांबले नाहीत. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननानं न्यायसिद्धान्तमुक्तावलीत कारणाची व्याख्या घासून-पुसून घेताना कुंभाराचं गाढव पुढं आणलं. मडकं घडण्याआधी गाढव होतंच. माती त्यानंच वाहून आणली. तरी ते मडक्याचं कारण नव्हे, कारण माती दुसऱ्या कशानं आणली असती तरी मडकं तसंच घडलं असतं. अशा गोष्टीला त्यांनी अन्यथासिद्ध म्हटलं: हजर, पण कारण म्हणून निरुपयोगी. दाखला हवाच तर इंदुरीचाच घ्या. इंदुरीचा किल्ला सेनापती दाभाड्यांचा. त्यांच्यातले त्र्यंबकराव १७३१ मध्ये गुजरातेत डभईच्या लढाईत बाजीरावाविरुद्ध पडले. आणि शेजारच्या लोणावळ्यात ज्यांनी कैवल्यधाम उभारलं ते स्वामी कुवलयानंद १८८३ मध्ये जन्मले ते डभईलाच. ऐकणारा क्षणभर चमकतो, काहीतरी ऋणानुबंध असणार म्हणतो. काही नाही. कावळा बसला.

बाळाच्या बाबतीत कावळा जरा जास्तच वेळेवर बसतो, त्याचं कारण रडण्याच्या आलेखात आहे. १९६२ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टननं ८० निरोगी बाळांच्या आयांकडून रडण्याची रोजनिशी लिहून घेतली. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला पावणेदोन तास, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास, आणि मग उतार. ही धडधाकट बाळं होती. त्यांच्यातली काही या सरासरीच्या फार वर असतात. १९५४ मध्ये मॉरिस वेसेलनं त्यांच्यासाठी तीनाचा नियम घातला: दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त. यालाच डॉक्टर कॉलिक म्हणतात. जोर संध्याकाळी. म्हणजे 'तिन्हीसांजेला बाळ किरकिरतं' हे आजीचं निरीक्षण वेसेलच्या कितीतरी आधीचं आणि अचूक आहे. चुकतं ते फक्त तिचं कारण. तिसरा-चौथा महिना लागला की बहुतेक बाळांचं हे रडणं आपोआप ओसरतं. आता बाप गाडी काढून पुण्याला थेरपीला नेतो तो कधी? दुसऱ्या आठवड्यात कुणी नेत नाही. सहनशक्ती संपते तेव्हा नेतो, म्हणजे साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात, आलेखाच्या शिखरावर. शिखरावरून पुढचं प्रत्येक पाऊल उताराचंच. त्या दिवशी जे कराल ते गुणकारी ठरतं. अंगाराही.

मग चाचणी करायची कशी? गाढवाला बाजूला काढून मडकं होतं का ते बघायचं. नॉर्वेत २००१ मध्ये हे छान केलं होतं, उपचार मात्र जरा वेगळा, मणके हातानं हलकेच सारण्याचा. ८६ बाळं. निम्म्यांना उपचार, उरलेल्यांना एका नर्सनं नुसतं दहा मिनिटं धरून ठेवायचं. आई-बाप बाहेर, आत काय चाललं आहे त्यांना माहीत नाही. उपचार झालेल्यांपैकी जवळपास ७० टक्के बाळांचं बरं झालं असं आई-बापांनी सांगितलं. आणि नर्सनं नुसती धरलेली? ६० टक्के. आकडेशास्त्राच्या तराजूत हा फरक भरण्याइतका नव्हता. स्पेनमध्ये २०१९ साली खुद्द क्रेनिओसेक्रल थेरपीची ५८ बाळांवर चाचणी झाली आणि निकाल फारच उत्साहवर्धक आले. पण तिथं दुसऱ्या गटाला काहीच दिलं नव्हतं, आणि आपलं बाळ कोणत्या गटात आहे हे आई-बापांना पक्कं ठाऊक होतं. रडण्याच्या नोंदीही त्यांच्याच. ब्रिटन आणि इतर देशांतल्या ऑस्टिओपथांनी अलीकडे मोठ्या सचोटीनं आणखी एक चाचणी केली. एका गटाला नेहमीचा हलक्या हाताचा उपचार, दुसऱ्याला तितकाच हलका स्पर्श, फक्त 'उपचाराच्या हेतूविना'. दोन्ही गटांतली बाळं सुधारली. त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

हेतूविना स्पर्श. गीता वाचणाऱ्यांनी यावर थोडं थबकायला हरकत नाही.

श्रद्धा आणि तपासणी यांचं वैर नाही, याचे दोन साक्षीदार मावळातच आहेत. भंडाऱ्याचा डोंगर इंदुरीपासून हाकेच्या अंतरावर. तुकोबा तिथं एकांतात बसत. त्यांनी दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गमावला होता. मूल दुःखात बघणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. तरीही, किंवा म्हणूनच, नवसानं मुलं होतात या समजुतीची त्यांनी अभंगात जी रोकठोक टर उडवली आहे ती निव्वळ तर्काची आहे: खरं कारण समोर असताना खोट्याला श्रेय कशाला देता? विठ्ठलावरची श्रद्धा आणि कारणांबाबतचा काटेकोरपणा एकाच माणसात नांदू शकतो, हे मावळाला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही.

दुसरा साक्षीदार लोणावळ्याचा. जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं ते योगावर अढळ श्रद्धा ठेवून, आणि सोबत क्ष-किरण यंत्र आणि पाऱ्याचा दाबमापक घेऊन. नौली ही पोटाची यौगिक क्रिया करताना आतड्यात नेमकं काय होतं हे त्यांनी मोजलं. तिथं हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो असं आढळलं, आणि त्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. गुरूला वंदन मोजमाप झाल्यानंतर. पुढं १९६८ मध्ये त्याच संस्थेच्या करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात बसलेल्या माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. भूसमाधीचे प्रयोग करणारे जे करतात ते खरंच योगबळानं होतं का, हा त्यामागचा सवाल. म्हणून त्यांनी योगाचा सराव नसलेली साधी माणसंही त्याच खड्ड्यात बसवून पाहिली. नॉर्वेतल्या नर्सचं आणि या साध्या माणसांचं काम एकच. क्रेनिओसेक्रलच्या शाळांतून उलट ऐकू येतं की ती लय इतकी सूक्ष्म आहे की चाचणीत सापडतच नाही. काही जण तर तिला समुद्राच्या भरतीची उपमा देऊन मोजण्याचा प्रश्नच मोडीत काढतात. कुवलयानंद असं म्हणाले असते तर कैवल्यधाम हा आणखी एक मठ झाला असता.

तरीही एक माणूस हट्टानं विचारेल, आणि त्याचं विचारणं रास्त आहे: सिद्धान्त खोटा असेल, पण हात मऊ आहे, बाळाला इजा नाही, आईला आशा मिळते. मग बिघडलं कुठं?

चरकानं उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, मणी, होम यांचा दैवव्यपाश्रय. आहार आणि औषधांचा युक्तिव्यपाश्रय. आणि मनाला घातक गोष्टींपासून आवरून धरण्याचा सत्त्वावजय. कॉलिकच्या बाळाला तिसरा लागू नाही, पण त्याच्या आईला तोच हवा असतो. रोजची तीन तासांची किंकाळी, अपुरी झोप, 'तुझंच दूध बाधतंय' हा घरच्यांचा शेरा. अर्धा तास कुणी निवांतपणे तिच्या बाळाला धरून बसतं तेव्हा तिचेही खांदे सैल होतात, आणि सैल खांद्यांवर बाळ लवकर निजतं. हा लाभ खरा आहे, नाकारण्यात हशील नाही. अडचण अशी की हा सत्त्वावजय युक्तीचा पोशाख घालून येतो आणि पोशाखाची किंमत वेगळी लावतो. आईला सांगितलं जातं की सिझेरियनमुळे किंवा चिमटा लावल्यामुळे बाळाची कवटी 'अडकली' आहे. काल ती वाटाण्याच्या उसळीसाठी दोषी होती, आज बाळंतपणासाठी. चरकसंहितेच्याच सिद्धिस्थानात म्हटलं आहे, की तर्काशिवाय आलेलं यश हे केवळ योगायोगाचं यश. असं यश वैद्याला धीट करतं, आणि धीट वैद्य पुढच्या बाळाला ताप असतानाही हातच ठेवून बसतो. हिरवी उलटी, ताप, शौचात रक्त, दूध सोडणं, टाळू फुगणं किंवा खोल जाणं, वजन न वाढणं, यातलं काहीही दिसलं तर ते कॉलिक नव्हे. इंदुरीकरानं तडक तळेगावचं रुग्णालय गाठायचं. नेदरलँड्समध्ये तर स्वतःला क्रेनिओसेक्रल थेरपिस्ट म्हणवणाऱ्यानं मान आणि पाठ वाकवल्यावर तीन महिन्यांची मुलगी दगावली. तिथल्या वैद्यकीय नियतकालिकानं २००९ मध्ये ते प्रकरण छापलं. तो हलका हात नव्हता, हे खरं. पण पाच ग्रॅम कुठं संपतात हे बघणारं तिथं कोण होतं?

याच्या पार दुसऱ्या टोकाला मेळघाट आहे. तिथं तान्ह्याचं पोट फुगलं, ते रडू लागलं, की भूमका, म्हणजे तिथला मांत्रिक-वैदू, तापलेल्या विळ्यानं पोटावर डागण्या देतो. त्याला डंबा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याचं उघड झालं आणि महाराष्ट्र हादरला. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा असूनही हे घडलं. कोरेगाव पार्कातला मऊ तळवा आणि सिमोरीतला विळा यांना एका ओळीत बसवणं कुणालाही अन्यायाचं वाटेल, आणि इजेच्या मापानं ते अन्यायाचंच आहे. पण भूमक्यालाही विचारा: तो सांगेल की मी डागलेली किती पोरं जगली, आज शेतात राबतात. तोही खोटं बोलत नाही. त्यानंही शिखरावरूनचा उतारच पाहिला आहे. दोघांत अंतर करुणेचं आहे, पुराव्याचं नाही. आणि करुणा हा पुरावा धरला, तर ज्या दिवशी करुणेचा हात चुकेल त्या दिवशी त्याला अडवायला आपल्यापाशी काही उरत नाही.

मूळ ओढ समजण्यासारखी आहे. मूल विनाकारण रडतं, हे वाक्य घरात कुणालाच सोसत नाही. निष्पापाला वेदना का, या प्रश्नापुढं धर्मांनी पूर्वजन्म, सटवीचा लेख, आदिपाप असं कायकाय मांडलं. सुश्रुतानं नऊ बालग्रह मोजले. त्यांतली पूतना कृष्णाच्या गोष्टीमुळं सगळ्यांना माहीत. काश्यपसंहितेनं मात्र वेगळी वाट धरली. तिच्या वेदनाध्यायात, बोलता न येणाऱ्या मुलाला कुठं दुखतंय हे ओळखायच्या खुणा दिल्या आहेत: पोटशूळ असेल तर मूल थान सोडतं, रडतं, उताणं होतं, पोट ताठरतं, तोंडाला घाम येतो. आधी नीट बघा, हा तिचा सूर. आणि श्वेताश्वतर उपनिषदाच्या सुरुवातीलाच ब्रह्मवादी जगाच्या कारणाची चर्चा करतात तेव्हा उमेदवारांची यादी देतात: काल, स्वभाव, नियती, यदृच्छा... उपनिषद हे सगळे उमेदवार मागं टाकून ईश्वरापर्यंत जातं. आजचा बालरोगतज्ज्ञ पहिल्या दोघांपाशीच थांबतो. काल, म्हणजे तीन-चार महिने. स्वभाव, म्हणजे वाढत्या मेंदूचा आणि आतड्याचा धर्म. कलहारीच्या वाळवंटात दिवसभर आईच्या अंगाला बिलगलेली कुंग सान बाळंही याच आठवड्यांत जास्त रडतात असं १९९१ मध्ये दिसून आलं, फक्त एकूण वेळ बराच कमी. थोड्या बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी निघते, अंगावर पिणाऱ्यांत एका विशिष्ट जिवाणूच्या थेंबांनी थोडा गुण आल्याचे दाखले आहेत. बाकीच्यांच्या बाबतीत 'काल आणि स्वभाव' हेच प्रामाणिक उत्तर. ते ऐकून कुणी फी देत नाही.

बिलगलेल्या बाळांचा एकूण वेळ कमी होता, हा तपशील मात्र सोडून चालणार नाही. कारण हात काहीच करत नाही असं कुठलीच चाचणी म्हणत नाही. विशेष ज्ञानाचा हात आणि साधा हात यांत फरक नाही, एवढंच ती म्हणते. जपानमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये रडणाऱ्या बाळांवर पाहिलं: उचलून पाच मिनिटं चाललं की बरीचशी शांत होतात, झोपल्यावर आणखी पाच-आठ मिनिटं बसून मग खाली ठेवलं तर जागी होण्याचा संभव कमी. आजोबांच्या खांद्यावरच्या येरझाऱ्याच त्या. पण इंदुरी–चाकण पट्ट्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या जोडप्याकडे आजोबा कुठले? ते मराठवाड्यात नाहीतर खानदेशात, नवरा रात्रपाळीला. त्या घरात साधा हातही विकतच घ्यावा लागतो, आणि विकायला येणारा प्रत्येक जण त्याला काहीतरी लय, काहीतरी ऊर्जा चिकटवून आणतो.

साध्या हाताची कसून परीक्षा घेता येते, हे महाराष्ट्रातच सिद्ध झालेलं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: ऊब द्यायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. ३९ गावांत हे केलं, ४७ गावांत नाही, आणि तुलना मांडली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यातूनच २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बेचाळिसावा दिवस म्हणजे बरोबर सहावा आठवडा, ब्रेझल्टनच्या आलेखाचं शिखर. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. मधल्या दीड महिन्यातच अंगारा येतो, ग्राइप वॉटर येतं, पुण्याचा फोन येतो. या फटीत एखादी जादा भेट घालून, आलेख दाखवून, आळीपाळीनं बाळ धरायला शेजारच्या दोघी-तिघींची जोडणी करून बघायला मावळात गावं भरपूर आहेत. निम्म्या गावांत करायचं, निम्म्यांत नाही. रडणं तर दोन्हीकडे चौथ्या महिन्यापर्यंत ओसरणारच. त्यामुळं मोजायची ती आयांची झोप आणि औषधपाण्यावरचा खर्च.